पडलेल्या यंत्राला उठायला शिकविणारे जिम ग्रे

यवतमाळ, ता. २८ (प्रतिनिधी) : रब्बीचा हंगाम आणि रात्रीची वीज हे समीकरण यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवे नाही. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे तर वर्षानुवर्षे मध्यरात्रीच्या पाळीची वाट पाहावी लागली. त्यातही लाइन केव्हा जाईल आणि केव्हा परत येईल, याचा नेम नसे. म्हणून अनेकांनी विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत एक लहानसा ऑटोस्विच बसवून घेतला. वीज गेली की मोटार थांबते आणि वीज परतली की आपोआप सुरू होते. साप-विंचवाच्या भीतीने अंधारात बांध तुडविण्याची पायपीट वाचते.

महावितरण मात्र हेच ऑटोस्विच काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करीत आले आहे. वीज येताच एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी सुरू झाले, की तो भार रोहित्राला पेलवत नाही. एक तर वाहिनी पुन्हा बंद पडते, नाही तर रोहित्रच जळते. विहीर आटली असेल तर आणखी वाईट. आपोआप सुरू झालेली मोटार पाण्याशिवाय फिरत राहते आणि जळून जाते.

थांबलेली गोष्ट आपोआप पुन्हा सुरू करणे वाटते तितके सोपे नाही, याचा हा घरचा दाखला होय. केव्हा सुरू करायचे, किती वेळा करायचे आणि नेमके कोठून करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. संगणकाच्या जगात या प्रश्नांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे एक संशोधक होऊन गेले. त्यांचे नाव जिम ग्रे. २००७ मध्ये आजच्याच तारखेला, २८ जानेवारीस, ते आपली शिडाची नौका घेऊन समुद्रात गेले आणि परतले नाहीत.

रोम ते बर्कले

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील सैन्यात आणि आई शिक्षिका. वडिलांच्या नेमणुकीमुळे बालपणाची पहिली काही वर्षे इटलीतील रोम शहरात गेली. त्यामुळे या मुलाच्या ओठांवर इंग्रजीच्या आधी इटालियन भाषा आली. पुढे कुटुंब अमेरिकेत परतले. आई-वडील विभक्त झाल्यावर आईने मुलांसह पुन्हा सॅन फ्रान्सिस्को गाठले. या शहराशी आणि त्याच्या पश्चिमेला पसरलेल्या प्रशांत महासागराशी ग्रे यांचे नाते अखेरपर्यंत टिकले.

१९६१ मध्ये ते बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. १९६६ मध्ये त्यांनी अभियांत्रिकी गणितात पदवी घेतली आणि १९६९ मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठाने संगणकशास्त्रात दिलेली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते. संगणक तेव्हा खोलीभर जागा व्यापत आणि त्यांच्या दिमतीला माणसांची पलटण लागे. ते बंद पडणे ही रोजचीच गोष्ट होती. बंद पडले की चालक धावत येई, छिद्रपत्रे पुन्हा लावी आणि काम पहिल्यापासून सुरू करी. वैज्ञानिक आकडेमोडीत हे खपून जाई. फार तर रात्र वाया जाई.

पण याच यंत्रांवर बँकांची खाती आणि विमानांची तिकिटे येऊ लागली, तेव्हा पहिल्यापासून सुरू करणे या शब्दांचा अर्थच बदलला. खात्यातून एकदा वजा झालेली रक्कम पुन्हा पहिल्यापासून वजा करून चालणार नव्हते.

रोजकीर्द आणि खतावणी

१९७० च्या दशकात ग्रे आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथे सिस्टीम आर नावाचा प्रकल्प सुरू होता. आज बँकांपासून तहसील कार्यालयांपर्यंत ज्या पद्धतीचे डेटाबेस वापरले जातात, त्यांच्या मुळाशी असलेल्या प्रकल्पांत त्याची गणना होते. ग्रे यांच्या वाट्याला आला तो त्यातला सर्वांत चिकट भाग. अनेक माणसे एकाच वेळी एकाच खातेवहीवर काम करीत असतील तर गोंधळ कसा टाळायचा आणि मध्येच यंत्र बंद पडले तर हिशेब कसा सावरायचा, हे त्यांनी पाहायचे होते.

एक साधे उदाहरण घेऊ. यवतमाळच्या खात्यातून पुसदच्या खात्यात पाच हजार रुपये पाठवायचे आहेत. यंत्राला दोन कामे करावयाची असतात. एका खात्यातून रक्कम वजा करणे आणि दुसऱ्यात जमा करणे. पहिले काम झाले आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली, तर पाच हजार रुपये कोठेच नसतात. ग्रे यांनी असे धरले, की ही दोन कामे मिळून एकच व्यवहार होतो. तो एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. मधली अवस्था जगाला दिसताच कामा नये. ही कल्पना ऐकायला सोपी असली तरी तिला गणिती शिस्त लावण्याचे आणि चालत्या यंत्रात उतरविण्याचे श्रेय ज्या मोजक्या लोकांना जाते, त्यांत ग्रे अग्रणी होते.

हे साधायचे कसे, याचे उत्तर आपल्या जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना परके वाटले नसते. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो आणि मग तेथून खतावणीत जातो. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द शाबूत असेल, तर हिशेब पुन्हा उभा करता येतो. संगणकही तेच करतो. खात्यातला आकडा बदलण्याआधी, आपण काय बदलणार आहोत याची नोंद तो कायम टिकणाऱ्या वहीत लिहून ठेवतो. बंद पडून पुन्हा सुरू झाला की आधी ती वही वाचतो. पूर्ण झालेले व्यवहार पक्के करतो आणि अर्धवट राहिलेले पुसून टाकतो. पुनःप्रारंभ नेमका कोठून करायचा, या प्रश्नाचे हे उत्तर होते. १९७८ मधील त्यांच्या विस्तृत टिपणांत आणि १९८१ मध्ये व्यवहार या संकल्पनेवर लिहिलेल्या लेखात या विचाराची मांडणी आढळते.

यंत्रे का थांबतात?

१९८० मध्ये ग्रे टँडेम कॉम्प्युटर्स या कंपनीत गेले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने न थांबणारा संगणक बनविण्याचा ध्यास घेतला होता. तिच्या यंत्रात प्रत्येक महत्त्वाचा भाग जोडीने असे. एवढेच नव्हे, तर महत्त्वाचा प्रोग्रामही जोडीने चाले. एक काम करी आणि दुसरा वेगळ्या प्रोसेसरवर राखीव बसे. काम करणारा आपल्या प्रगतीची खबर राखीव जोडीदाराला देत राही. पहिला पडला की शेवटच्या खबरीपासून दुसरा काम उचली. ही रचना ग्रे येण्याआधीच तेथे रुजली होती. ती का यशस्वी होते आणि कोठे कमी पडते, याचा हिशेब मात्र ग्रे यांनी मांडला.

जून १९८५ मध्ये त्यांनी कंपनीच्या तांत्रिक अहवालात संगणक का थांबतात या विषयावर एक निबंध लिहिला. त्या काळी उत्तम निगा राखलेली साधारण प्रणालीही दोन आठवड्यांतून एकदा बंद पडे आणि सावरायला दीड तास घेई. म्हणजे ती ९९.६ टक्के वेळ चालू असे. आकडा भारदस्त वाटतो, पण वर्षाला सुमारे ३९ तासांची बंदी त्यात लपलेली आहे. रुग्णालय किंवा दूरध्वनी केंद्र यांना ती परवडणारी नव्हती.

ग्रे यांनी ग्राहकांकडे बसविलेल्या टँडेम यंत्रांच्या बिघाडांच्या नोंदी चाळल्या. सुट्या भागांचा बिघाड हेच मोठे कारण असणार, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात त्याचा वाटा १८ टक्के निघाला. वीज, वातानुकूलन, संपर्कवाहिन्या अशा भोवतालच्या कारणांचा १४ टक्के आणि सॉफ्टवेअरचा २५ टक्के होता. सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, यंत्र चालविणाऱ्या आणि त्याची देखभाल करणाऱ्या माणसांच्या चुकांचा होता. यातून निघालेला धडा स्पष्ट होता. माणसाच्या हाताला जितके कमी काम ठेवाल, तितके यंत्र कमी पडेल. पडलेला प्रोग्राम उठविण्यासाठी मध्यरात्री कोणाला तरी झोपेतून उठवावे लागत असेल, तर ती रचनाच सदोष आहे.

क्षणिक दोष, कायमचा दोष

याच निबंधात ग्रे यांनी सॉफ्टवेअरच्या दोषांचे दोन प्रकार सांगितले. पहिला प्रकार ठाम दोषांचा. तीच परिस्थिती आली की तोच बिघाड हमखास होतो. असे दोष चाचणीतच सापडतात आणि दुरुस्तही होतात. अणूच्या ठोस चित्राशी जोडलेल्या नील्स बोर यांच्या नावावरून त्यांना बोरबग म्हणतात. दुसरा प्रकार चकव्या दोषांचा. दोन कामांचा क्षण जुळून आला, स्मरणात जागा उरली नाही, एखादा संदेश उशिरा आला, असे काही तरी घडते आणि प्रोग्राम कोसळतो. शोधायला जावे तर तो दोष दिसेनासा होतो. अनिश्चिततेचे तत्त्व सांगणाऱ्या हायझेनबर्ग यांच्या नावावरून त्यांना हायझेनबग हे नाव मिळाले.

ग्राहकाच्या हाती पडलेल्या, नीट तपासलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतांश दुसऱ्या प्रकारचेच दोष उरतात, असे ग्रे यांचे निरीक्षण होते. त्यांनी तपासलेल्या १३२ सॉफ्टवेअर दोषांत ठाम दोष अवघा एक निघाला. प्रोग्राम थांबवून स्वच्छ स्थितीतून पुन्हा सुरू केला की तो बहुधा नीट का चालतो, याचे उत्तर येथे मिळते. संगणक अडला की बंद करून पुन्हा चालू करण्याची जी सवय आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, तिला ग्रे यांनी शास्त्राचा आधार दिला.

त्यासाठी त्यांनी एक अट घातली. आपले काही बिघडले आहे असे प्रोग्रामच्या लक्षात आले, तर त्याने तत्काळ थांबावे. चुकीची आकडेमोड रेटत राहू नये. चुकीचे चालत राहणारे यंत्र हे थांबलेल्या यंत्रापेक्षा घातक असते, कारण ते खातेवहीच नासवते.

विहिरीवरच्या मोटारीकडे पुन्हा पाहिले म्हणजे हा भेद लगेच ध्यानात येतो. वीज जाऊन येणे हा क्षणिक दोष होय. तेथे आपोआप सुरू होणे उपयोगाचे. विहीर आटणे हा ठाम दोष. तेथे मोटार शंभर वेळा सुरू केली तरी पाणी येणार नाही, मोटार मात्र जाईल.

दलाल स्ट्रीटपर्यंत

ग्रे यांनी १९९० मध्ये टँडेम सोडली. पण त्या यंत्रांची कीर्ती तोवर जगभर गेली होती. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो मुंबईत. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारातील आरडाओरड्याचा जुना सौदा संपून बोल्ट ही संगणकीय पद्धत सुरू झाली, तिच्या पाठीशी टँडेमची यंत्रे होती. दलाल स्ट्रीटवर एका क्षणात होणारे सौदे मध्येच तुटले असते, तर कोणाचे शेअर कोणाकडे गेले याचा निवाडा करणे अशक्य झाले असते. जवळजवळ दोन दशके शेअर बाजाराचा गाडा या न थांबणाऱ्या यंत्रांनी ओढला. पुढे बाजाराने दुसरी प्रणाली स्वीकारली.

ग्रे यांच्या विचारांचा दुसरा धागा स्वीडनमध्ये गेला. एरिक्सन कंपनीतील जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनी केंद्रांसाठी एर्लांग ही संगणकीय भाषा घडविली. तिच्यात प्रत्येक प्रक्रियेवर एक पर्यवेक्षक नेमण्याची सोय आहे. प्रक्रिया कोसळली की पर्यवेक्षक ती पुन्हा सुरू करतो. ठरावीक वेळेत ती फार वेळा कोसळू लागली तर स्वतः हार मानतो आणि आपल्या वरच्या पर्यवेक्षकाला कळवितो. आर्मस्ट्राँग यांच्या २००३ मधील प्रबंधात ग्रे यांच्या १९८५ च्या निबंधाचा आधार घेतलेला आहे.

आजच्या सर्व्हरमध्येही हाच पहारेकरी असतो. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत सिस्टीमडी हा प्रोग्राम इतर सेवांवर लक्ष ठेवतो आणि तशी सूचना दिलेली सेवा पडली की उठवितो. त्याच्या मूळ मांडणीत दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची मर्यादा घातलेली आहे. ती ओलांडली की तो थांबतो आणि माणसाची वाट पाहतो. मोठ्या प्रणालींत दोन प्रयत्नांमधील अंतरही वाढवीत नेतात आणि प्रत्येक यंत्राला थोडी वेगळी वेळ देतात. सारेच एकदम उठून मुख्य यंत्रावर तुटून पडू नयेत, हा त्यामागचा हेतू असतो. महावितरणची ऑटोस्विचबद्दलची तक्रार आणि संगणकतज्ज्ञांची ही खबरदारी यांचे मूळ एकच आहे.

आकाशाचा नकाशा

१९९५ मध्ये ग्रे मायक्रोसॉफ्टमध्ये आले. पृथ्वीची उपग्रह आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे सामान्य माणसाला इंटरनेटवर पाहता यावीत, यासाठी १९९८ मध्ये सुरू झालेला टेरासर्व्हर हा त्यांच्याच पुढाकाराचा प्रकल्प होता. त्याच वर्षीचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. संगणकशास्त्रातील हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. नंतर ते खगोलशास्त्रज्ञांकडे वळले. स्लोन आकाश सर्वेक्षणातील अफाट नोंदी त्यांनी अॅलेक्स झालाय यांच्यासमवेत जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या केल्या. आकाशाच्या नोंदी सर्वांना मिळाव्यात, याच ध्येयाने पुण्यातही आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टीम्स यांनी त्या दशकात आभासी वेधशाळेचे काम हाती घेतले होते.

तरुण संशोधकांना वेळ देण्यात ग्रे यांनी कधी हात आखडला नाही, असे त्यांच्यासोबत काम केलेले सांगतात. विज्ञानाची पुढची वाटचाल प्रचंड माहितीच्या विश्लेषणातून होईल, हा विचार त्यांनी ११ जानेवारी २००७ च्या व्याख्यानात मांडला. त्यानंतर सतराच दिवसांनी ते समुद्रावर गेले.

उत्तर न आलेला निरोप

२८ जानेवारी २००७. रविवारचा दिवस होता आणि हवा स्वच्छ होती. आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ग्रे एकटेच टिनेशियस नावाची सुमारे चाळीस फुटी नौका घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरालॉन बेटांकडे निघाले. बेटे किनाऱ्यापासून चाळीसएक किलोमीटरवर आहेत. संध्याकाळपर्यंत ते परतले नाहीत.

तटरक्षक दलाने विमाने आणि जहाजांनी चार दिवस समुद्र धुंडाळला. नौकेचा तुकडाही दिसला नाही. नौका बुडाली तर आपोआप सुटून संकटसंदेश पाठविणारे यंत्र तिच्यावर होते. त्याचाही संदेश कोठे नोंदला गेला नाही. मग त्यांचे मित्र पुढे सरसावले. उपग्रहांनी त्या भागाची नवी छायाचित्रे टिपली. ती लहान तुकड्यांत विभागून इंटरनेटवर ठेवण्यात आली आणि हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या एकेक तुकडा डोळ्यांखालून घातला. टेरासर्व्हरच्या निर्मात्याचा शोध आता तशाच छायाचित्रांतून घेतला जात होता. वसंत ऋतूत समुद्राचा तळही तपासला गेला. ३१ मे २००७ रोजी शोध थांबला.

जोडीने चालणाऱ्या यंत्रांत एक प्रश्न सतत उभा असतो. राखीव जोडीदाराला कसे कळावे, की पहिला पडला? यासाठी प्रत्येक यंत्र आपण जिवंत असल्याचा संदेश ठरावीक क्षणांनी पाठविते. संदेश आला नाही की काही काळ वाट पाहिली जाते आणि मग त्याला मृत समजून दुसरा काम हाती घेतो. अडचण अशी, की दूरवरून पाहणाऱ्याला मेलेले यंत्र आणि उशीर झालेले यंत्र सारखेच दिसते. दोघांकडूनही शांतताच येते. किती वाट पाहायची, हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही. ते ठरवावे लागते. लवकर ठरविले तर जिवंताला मृत मानण्याचा धोका आणि उशिरा ठरविले तर सारे काम खोळंबते.

ग्रे यांच्या कुटुंबावर नेमका हाच निर्णय येऊन ठेपला. माणसांच्या बाबतीत ही मुदत कायदा ठरवितो. आपल्याकडे सात वर्षे ज्याची खबर नाही, तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जाते. ग्रे यांना कायद्याने मृत मानले गेले ते २०१२ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. त्याआधी, ३१ मे २००८ रोजी, बर्कले येथे त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी त्यांच्या कार्याचे स्मरण करण्यासाठी जमले होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने जगासमोर आणलेली वर्ल्डवाइड टेलिस्कोप ही आकाशदर्शनाची प्रणाली त्यांना अर्पण करण्यात आली.

आपल्या दारी

यवतमाळच्या वाचकाचा या दूरदेशीच्या माणसाशी संबंध काय, असे कोणी विचारील. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी केंद्रांपुढे लागलेल्या रांगा येथे अनेकांनी पाहिल्या आहेत. आधार क्रमांक, सातबारा, बँकेचा खाते क्रमांक, सारे भरून झाले आणि शेवटच्या कळीवर पडदा स्तब्ध झाला, की समोरच्या शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न असे. अर्ज गेला की नाही गेला? त्या प्रश्नाचे ठाम उत्तर देता यावे, यासाठी ग्रे यांची रोजकीर्द आहे. पूर्ण झाला असेल तर पावती मिळावी आणि नसेल तर अर्धवट काही उरू नये.

एटीएममधून नोटा न निघता खात्यातून रक्कम वजा झाली, तर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांवर घातले. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. अर्धवट व्यवहार उरता कामा नये, हाच ग्रे यांचा आग्रह येथे नियमाच्या भाषेत उतरला आहे.

आज रात्री जिल्ह्यात कोठे तरी लाइन जाईल आणि परत येईल. एखाद्या बँकेच्या शाखेतील यंत्र उठेल, आपली वही वाचेल आणि जेथे थांबले होते तेथून काम पुढे नेईल. कोणाच्याही खात्यातला रुपया इकडचा तिकडे होणार नाही आणि असे काही घडले हे सकाळी कोणाला कळणारही नाही.